१९१०च्या सुमारास वृत्तपत्रातल्या चित्रकार-बातमीदार बाईंची स्केचेस छापायची कशी?

जे.जे. कलाशाळेतल्या प्रकल्पासाठी विचारलंय म्हणून थोडं तपशिलात सांगते. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या पोस्ट-डिस्पॅचमध्ये मार्गरीट मार्टिन मुलाखती घ्यायच्या, मजकूर लिहायच्या आणि सोबतची चित्रंही स्वतःच काढायच्या. असं चित्र छापायला लाइन ब्लॉक, म्हणजे रेषा उंच असलेला धातूचा ठसा, लागे. आपल्या गिरगावातल्या खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छापखान्यांतही पुढे कित्येक वर्षं हेच तंत्र होतं.

चित्र पांढऱ्या गुळगुळीत कार्डावर गडद काळ्या शाईत, छपाईच्या दीड ते दुप्पट आकारात काढतात. कॅमेऱ्याने ते लहान करून निगेटिव्ह बनते. ती प्रकाशाने कडक होणारा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवतात, मग नायट्रिक आम्लात मोकळी जागा खाल्ली जाते. रेषा उंच राहतात. पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला, की मजकुराशेजारी बसतो.

लाइन ब्लॉकला करडा रंग कळतच नाही! पेन्सिलची छटा किंवा पाणी घातलेली शाई दिलीत तर रेषा तुटक येते किंवा गायब होते. छटा हवी तर रेघा मारा, पण विरळ. निम्म्या आकारात अंतरही निम्मं होतं, वर न्यूजप्रिंट, म्हणजे वृत्तपत्राचा कागद, शाई पसरवतो आणि सावलीचा काळा डाग होतो. चेहऱ्याखाली तर हमखास. कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीने करा, ते खोडायची गरज नाही, कारण त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या प्लेटवर फिका निळा पांढराच दिसे.