तो फोन करतो तेव्हा तुझ्या गॅसवर पोहे असतात

पत्र असं आहे:

मावशी, मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय २५. डिसेंबरमध्ये लग्न झालं. नवरा क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे, फेब्रुवारीत गेला तो आता ऑक्टोबरमध्येच येणार. बोट मायामीहून शनिवारी निघते आणि पुढच्या शनिवारी परत तिथेच येते. आधी रोज बोलायचा, आता मेसेज पाहतो पण उत्तर नाही. मी रात्री साडेनऊला मोकळी होऊन फोन लावते तर कट करतो, आणि स्वतः करतो नेमका सकाळी आठला जेव्हा मला श्वास घ्यायला वेळ नसतो, मग दोन मिनिटांत "झोप येते, ठेवू का". इन्स्टावर मात्र बीचचे फोटो. मामेसासूबाई म्हणतात बोटीवरची पोरं हातची जातात. पगार सासऱ्यांच्या खात्यात येतो. लग्नाआधी मी धरमपेठेत लॅबमध्ये होती, घरच्यांना नको होतं म्हणून सोडलं. दिरालाही बोटीवर जायचं आहे, एजंट अडीच लाख मागून राहिला. जायच्या आधी त्यानं टॉवेलचा हत्ती करून दाखवला होता, तो मी अजून मोडला नाही. त्याला सांगू का की सगळं सोडून ये?

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मागच्या पानावर घड्याळ मांडलं. मायामी सध्या आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तू रात्री साडेनऊला भांडी आवरून, खोलीचं दार लावून फोन करते तेव्हा तिकडे भर दुपारचे बारा वाजलेले असतात. आणि शनिवार असेल तर विचारूच नको. त्या दिवशी सकाळी जुने गेस्ट उतरतात आणि दुपारी नवे चढायला लागतात, मधल्या तीन-चार तासांत त्याच्या वाट्याच्या पंधरा-वीस खोल्या चादरीपासून बाथरूमच्या नळापर्यंत कोऱ्या करकरीत करायच्या, सुपरवायझर येऊन कपाटावरून बोट फिरवून धूळ पाहतो, आणि त्यातच खिशातला फोन थरथरतो तो तुझा. त्यानं कट केला नाही तर काय करेल.

उलट त्याच्या रात्रीचे साडेदहा म्हणजे तुझ्या सकाळचे आठ. गेस्ट जेवायला गेले की परत सगळ्या खोल्यांमध्ये जाऊन पलंग नीट करायचा, टॉवेल बदलायचे, त्याचे हत्ती-माकडं करून ठेवायची (तुझा हत्ती तिथूनच आला), ते संपवून तो खाली येतो आणि पहिला फोन तुला करतो. तू तेव्हा एका हातानं पोहे हलवत असते, सासऱ्यांचा चहा व्हायचा असतो, नळ चालू असतो, आणि तू "हं, बोल" म्हणते. त्याला ते "हं, बोल" कसं ऐकू येत असेल याचा एकदा विचार कर. पाच महिने तुम्ही दोघं एकमेकांना एकमेकांच्या सगळ्यात वाईट वेळेला फोन करून राहिले आणि दोघांनाही वाटते समोरच्याला आपली पर्वा नाही.

हे मी हवेतून सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सात वर्षं याच कामात होता. नंदनवनचा पोट्टा, मोठं पाणी म्हणजे फुटाळा तलाव एवढंच पाहिलेलं, आणि एकदम कॅरिबियनला जाऊन पोहोचला. त्याच्याकडून ऐकलेलं सांगते, कारण तुझ्या नवऱ्यानं हे तुला सांगितलेलं दिसत नाही, ही पोरं घरी काळजी नको म्हणून सगळं गोड गोडच सांगतात.

त्याची खोली पाण्याच्या पातळीखाली होती, खिडकी नाही, दोघांत एक, खाली-वर पलंग आणि प्रायव्हसी म्हणून पलंगाला एक पडदा. वरच्या पलंगावरच्या फिलिपिनो पोराची ड्युटी पहाटेची, म्हणजे हा रात्री आला की तो झोपलेला. मग बायकोशी बोलायचं कुठं? कॉरिडॉरमध्ये ये-जा, क्रू मेसमध्ये गोंगाट, उघड्या डेकवर वारा एवढा की समोरच्याला काही समजत नाही. शेवटी पडद्याआड तोंडावर पांघरूण घेऊन कुजबुजायचा. "झोप येते, ठेवू का" याचा एक अर्थ हाही असू शकतो की वरचा माणूस कूस बदलून राहिला.

आणि झोप खरंच येते बाई. जहाजावरच्या कामगारांसाठी मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे २००६ चा, भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात विश्रांतीचा नियम आहे की २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास मिळाले पाहिजेत. कामगाराच्या भल्यासाठीच आहे तो, पण उलटा हिशेब करून पाहा, आठवड्याचे १६८ तास, त्यातले ७७ गेले की उरले ९१. शिवाय ते १० तास सलग मिळतील असंही नाही, दोन तुकडे करता येतात, फक्त एक तुकडा किमान ६ तासांचा हवा. म्हणून ही पोरं रात्री सहा तास आणि दुपारी थोडं असं तुकड्यातुकड्यानं झोपतात. त्यात दुपारच्या झोपेच्या वेळी ड्रिल निघते, लाइफ जॅकेट घालून आपापल्या जागेवर हजर व्हा. अमेरिकेत बोट लागली की आरोग्य खात्याचे लोक न सांगता तपासणीला येऊ शकतात, १०० पैकी मार्क देतात, ८५ किंवा खाली आले की नापास, मग त्याच्या आधीचे कित्येक दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि महिनोन् महिने पूर्ण सुट्टीचा एकही दिवस नाही. आपल्याकडे रविवार नावाची गोष्ट आहे, तिकडे नाही.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. २०२० मध्ये कोरोनात क्रूझ बंद पडल्या, गेस्ट घरी गेले आणि क्रू बोटीवरच अडकला, भाचाही अडकला. काम नाही, गेस्टची बाल्कनीवाली खोली राहायला दिलेली, वेळच वेळ. आम्हाला वाटलं आता तरी भरभरून बोलेल. नाही बोलला. घरी आल्यावर म्हणाला, मावशी, दिवसभर अनोळखी माणसांना हसून "गुड मॉर्निंग, हाऊ वॉज युअर डे" करायची इतकी वर्षांची सवय झाली की आपल्या माणसाशी बोलायला घेतलं की तोंडून तेच निघते, आणि मला घरच्यांशी तसं बोलायचं नव्हतं म्हणून गप्प बसायचो. मी त्या दिवसानंतर त्याच्या गप्प बसण्याला कधी नाव ठेवलं नाही.

आता बीचचे फोटो. गेस्ट फिरायला उतरले की त्याच्या खोल्या लवकर होतात, मग दुपारी दोन-तीन तास मिळतात. त्यातही रोज उतरता येत नाही, काही लोकांना आळीपाळीनं बोटीवर थांबावंच लागते, बंदरात आग-बिग लागली तर माणसं हवीत म्हणून. ज्या दिवशी सुटतो त्या दिवशी शाम्पू घ्यायचा, घरी पैसे पाठवायचे, फुकटचं वायफाय शोधायचं आणि परत यायचं. त्यातला एक फोटो तू पाहते. पाण्याखालच्या खोलीचा फोटो कोण टाकेल ग.

मामेसासूबाईंच्या बोलण्याबद्दल. मी तुझ्या नवऱ्याला ओळखत नाही, त्यामुळे हमी देणार नाही. बोटीवर क्रू बार असतो, तरुण पोरंपोरी घरापासून लांब असतात, संबंध जुळतात हे खरं आहे. गेस्टशी मात्र जवळीक केली तर थेट नोकरी जाते, ही गोष्ट फार कडक आहे. पण तू लिहिलेल्या खुणा, फोन कट करणं, उशिरा उत्तर, पेंगणं, या थकलेल्या माणसाच्या खुणा आहेत. मनात शंका असेल तर त्यालाच विचार, सरळ, रडारड न करता, आणि त्याचं उत्तर ऐक. मामेसासूबाईंना याच्यात घेऊ नको.

मला खरं खटकलं ते दुसरंच, जे तू दोन ओळींत उरकलं. पगार सासऱ्यांच्या खात्यात आणि तुझी लॅब सुटली. घरी पैसे देणं चुकीचं नाही, आईवडिलांनी कर्ज काढून त्याचे कोर्स केले असतील. पण त्याच्या बायकोला मोबाईलच्या रिचार्जसाठी सासूकडे हात पसरावा लागत असेल तर ते आजच थांबायला हवं. आणि या पगाराचं गणितही समजून घे: पैसे मिळतात ते बोटीवर असलेल्या महिन्यांचे. घरी दोन महिने असतो ती सुट्टी बहुतेक ठिकाणी बिनपगारी. म्हणजे आठ महिन्यांची कमाई दहा महिने पुरवायची, त्यात केबिन स्टुअर्डची बरीच कमाई टिपवर, आणि पेन्शन वगैरे काही नाही. असं असताना घरात दुसरा पगार नको म्हणणं मला पटत नाही. लॅबचं काम शिकून हातात नोकरी असलेली मुलगी आठ महिने घरात बसून फोनच्या निळ्या टिका मोजून राहिली, असं कोणाचंही डोकं फिरेल. लॅबमध्ये परत जा. सासूबाईंना नाराज न करता कसं, तर नवऱ्याकडून सांगवून. त्याला सांग की दर महिन्याला ठरलेली रक्कम, थोडी का असेना, तुझ्या खात्यात वेगळी आली पाहिजे, आणि घरी त्यानंच बोलायचं.

सगळं सोडून ये, हे आत्ता म्हणू नको. कॉन्ट्रॅक्ट मधेच कारण नसताना सोडलं तर परतीच्या तिकिटाचा खर्च अंगावर येऊ शकतो आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणं अवघड होते. ऑक्टोबरमध्ये आला की पहिले पंधरा दिवस त्याला फक्त झोपू दे, सावजी खाऊ दे, मग एका संध्याकाळी दोघंच बसा आणि आकडा ठरवा: अजून किती कॉन्ट्रॅक्ट, दोन की तीन, आणि त्यानंतर नागपुरात काय. भाच्यानं "बस, एक अजून" करत करत सात वर्षं काढली, त्याची मुलगी त्याला काका म्हणायला लागली होती. ती गोष्ट सांगताना तो अजून रडतो.

दिराच्या एजंटबद्दल मात्र मी ओरडूनच सांगते, एक रुपया देऊ नका! बोटीवर नोकरी लावून द्यायचे पैसे उमेदवाराकडून घेताच येत नाहीत, वर सांगितलेल्या करारातही आहे आणि आपल्या कायद्यातही. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याचं सरकारी ओळखपुस्तक, आणि फायर फायटिंग वगैरेचे ते एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे कोर्स, हा खर्च पोराचा. व्हिसाचा खर्च कंपनीचा. एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे जहाजांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचं, आरपीएसएल नावाचं भरतीचं लायसन्स असायला लागते, त्याचा नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. नंबर मागितल्यावर तो "अरे विश्वास ठेवा ना" म्हणाला की तिथूनच परत फिरा. आमच्या ओळखीतल्या एका घरानं बाईचे पाटल्या-तोडे विकून पैसे दिले होते, पोरगा मुंबईत पंधरा दिवस लॉजवर बसून परत आला.

आता फोनचं. त्याला बोटीचं आठवड्याचं वेळापत्रक मागून घे आणि फ्रिजवर लाव. शनिवार सोडून ज्या दिवशी बोट बंदरात असते त्या दिवशी त्याच्या दुपारी दोनला, म्हणजे आपल्या रात्री साडेअकराला, तुझा फोन. आठवड्यात दोनदा झालं तरी पुष्कळ. त्या दिवशी दुपारी तासभर झोपून घे. आणि आठवड्यातून एक सकाळ, कोणतीही, पण शनिवार-रविवार नको, आठ वाजता गॅस बंद करून गच्चीवर जायचं, पोहे त्या दिवशी सासूबाई करतील नाहीतर सगळे ब्रेड खातील. बाकी दिवशी लिहून ठेव किंवा व्हॉइस नोट टाक, कुकरची शिट्टी, पावसाचा आवाज, शेजारच्यांचं भांडण, काहीही, तो पडद्याआड हेडफोन लावून ऐकेल आणि वरच्याची झोपही मोडणार नाही. (नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ एक तास मागे जाते, पुढच्या कॉन्ट्रॅक्टला लक्षात ठेव.)

आज रात्री कट होणारा फोन लावू नको. त्या हत्तीचा फोटो काढ आणि खाली एवढंच लिहून पाठव: "हा अजून उभा आहे. पुढच्या पोर्टला कधी लागता ते सांग, मी साडेअकराला गच्चीवर असेल. ब्रेक मिळाला तर कर, नाही मिळाला तर झोप."

तुझी मावशी