सकाळी म्हणजे किती वाजता?

प्रिय मुली,

काल तुझा फोन ठेवला आणि झोपच उडाली. अकरा परिपक्व बीजं, त्यातल्या चारांत दोनाऐवजी तीन-तीन प्रोन्यूक्लिआय (फलित बीजात दिसणारे केंद्रकांचे गोल; एक बीजाचा, एक शुक्राणूचा), आणि ‘माझ्याच हातून बिघडलं’ हे तू तीनदा म्हणालीस. हाताचं मागाहून बघू. मी विचारलं, किती वाजता तपासलीस? तू म्हणालीस, सकाळी. सकाळी म्हणजे किती वाजता गं? वेळ लिही.

तुझी केस साध्या आयव्हीएफची, म्हणजे डिशमध्ये बीजाभोवती शुक्राणू नुसते सोडून दिलेले. तिथे तिसरा प्रोन्यूक्लिअस बहुधा दुसऱ्या शुक्राणूचा असतो. पहिला आत शिरला की बीजाच्या कडेचे कॉर्टिकल ग्रॅन्यूल, म्हणजे बारीक पिशव्या, फुटतात आणि झोना, म्हणजे बीजाचं बाहेरचं कवच, बाकीच्यांना अडवतो. बीज कच्चं असेल किंवा फार वेळ पडून शिळं झालं असेल, तर हे नीट होत नाही. इक्सीत सुईने बीजाच्या आत शुक्राणू एकच सोडतो आपण. तिथे तीन दिसले, तर बहुतेक वेळा बीजाने दुसरी पोलर बॉडी, म्हणजे जादा गुणसूत्रांची छोटी पेशी, बाहेर टाकलेली नसते. एकच दिसला तर कोडं आणखी वेगळं: कधी बीज शुक्राणूशिवायच जागं झालेलं, कधी दोन्ही एकमेकांत मिसळलेले, कधी दुसरा मागून येणारा. त्यामुळे कुणाचा दोष हे त्या घरच्यांना लगेच सांगायला जाऊ नकोस. बाईचं वय, औषधांना मिळालेला प्रतिसाद, ट्रिगर (बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) ते पिकअप (बीजं बाहेर काढणं) यांमधले तास, डिशमध्ये टाकलेले शुक्राणू, हे सगळं वेळेसकट वहीत असेल तरच पुढच्या खेपेला डॉक्टरांना काही बदलता येईल.

मी वेळेवर एवढी का अडून बसते, ते ऐक. ठाण्याच्या एका सेंटरमध्ये मी एकटीच एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये बीजं नि गर्भ सांभाळणारी, होते. जुलैतला पाऊस, रुळांवर पाणी, गाडी कळव्याच्या अलीकडे अडकलेली. पोचले तेव्हा इन्सेमिनेशनला, म्हणजे बीजांत शुक्राणू मिसळल्याला, पंचवीस तास होऊन गेले होते. प्रोन्यूक्लिआय केव्हाच विरघळलेले, काहींच्या दोन पेशीही झालेल्या, अगदी देखण्या. मी वहीत ‘2 प्रोन्यूक्लिआय’ लिहिलं. न बघता. त्यातूनच गर्भ राहिला, नवव्या आठवड्यात गेला. तपासणीत 46 ऐवजी 69 गुणसूत्रं निघाली, म्हणजे दोनाऐवजी तीन संच.

दुसरं माणूस ठेवा, असं मी तिथे दोनदा सांगितलं होतं. पाऊसही माझ्या हातात नव्हता. वेळेवर पोचले असते तरी तिसरा गोल मला दिसलाच असता, असंही नाही. तो खाली लपतो. हे सगळं खरं आहे. पण ‘उशिरा पाहिलं, दिसले नाहीत’ एवढं लिहायला मला कुणी अडवलं होतं? ते लिहिलं असतं तर डॉक्टरांनी त्या बाईशी बोलून निर्णय घेतला असता. तो मी परस्पर घेतला.

तेव्हा सोमवारी नीट कर. दुपारी तीनला इन्सेमिनेशन असेल, तर मंगळवारी सकाळी आठला सतरा तास होतात. सोळा ते अठरा तासांच्या आतच बघायचं. क्यूम्युलसच्या, म्हणजे बीजाभोवती चिकटलेल्या, पेशी काढायलाही वेळ जातो, म्हणून ऐरोलीहून सहाची गाडी पकड. प्रत्येक बीज पिपेटने हळूच लोळव, फोकसचं बटण वरखाली फिरव, मग गोल मोज. संशय आला तर संशय असंच लिही. शेजारी घड्याळ बघून वेळ लिही, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

तुझी,
मॅडम