वडिलांच्या थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत (क्षयजंतूंची जनुके पाहणारी जलद चाचणी) रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाला प्रतिकार आढळला नाही, दोन महिन्यांनी कल्चरमध्ये (जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) मात्र आढळला. पुण्यातल्या प्रयोगशाळेची चूक समजावी का?

केवळ एवढ्यावरून चूक समजू नये, कारण दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे असू शकतात. फुप्फुसातील एका पोकळीत १ कोटी ते १०० कोटी क्षयजंतू असू शकतात आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) सुमारे १० कोटींत एका जंतूत आपोआप घडते. त्यामुळे दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गात संवेदनशील आणि प्रतिकारक्षम असे दोन्ही प्रकारचे जंतू शेजारी शेजारी नांदतात, औषध एकटे किंवा अनियमित पडले की दुसऱ्या प्रकाराचे फावते, आणि वेगवेगळ्या पोकळ्यांतील वस्त्या स्वतंत्रपणे बदलत असल्याने आजची थुंकी व दोन महिन्यांनंतरची थुंकी एकाच वस्तीतून आलेली असेलच असे नाही. (क्षयजंतू इतर काही जिवाणूंप्रमाणे शेजाऱ्याकडून प्रतिकाराची जनुके उसनी घेत नाही, जे बदलते ते त्याच्याच जनुकांत.) सीबीनॅट रिफाम्पिसिनच्या प्रतिकाराशी निगडित आरपीओबी जनुकाचा केवळ ८१ जनुकीय अक्षरांचा भाग तपासते, आणि प्रतिकारक्षम जंतू अल्पसंख्य असतील तर ते तिच्या नजरेतून सुटतात, कल्चरच्या प्रमाण पद्धतीत मात्र १ टक्का जंतू वाढले तरी नमुना प्रतिकारक्षम ठरतो. ही माहिती पुण्यातील प्रयोगशाळेत क्षयजंतूंच्या कल्चरचे काम करताना आलेल्या अनुभवावर व पाठ्यपुस्तकांवर आधारित आहे. अर्थात, बाहेरून झालेला नवा संसर्ग किंवा नमुन्यांची सरमिसळ या शक्यता उरतातच, आणि त्यांचा निवाडा दोन्ही वेळच्या जंतूंच्या संपूर्ण जनुकक्रमाची तुलना केल्यावर होऊ शकतो. तोवर औषधे स्वतःहून बदलू वा थांबवू नयेत आणि दोन्ही अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच दाखवावेत.