सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) आहे, उड्डाणाचे 215 तास झालेत. परदेशात नोकरीसाठी लायसन्स आधीच कन्व्हर्ट करून ठेवू का?

नका ठेवू. तुम्ही लिहिलंय की डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचं, सीपीएल हातात येऊन आठ महिने झाले, इथे कुठून बोलावणं नाही, आणि एक एजंट म्हणतोय युरोपचं लायसन्स करून घ्या. घरचे त्यासाठी शेत गहाण टाकायला निघालेत हे वाचलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी इथल्या एका कंपनीत सात वर्षं ए320 या प्रवासी विमानावर को-पायलट होतो, आता आखातात उडवतो. लायसन्स विमानाच्या नोंदणीशी बांधलेलं असतं. व्हीटी अक्षरांचं, म्हणजे भारतात नोंदलेलं, विमान परदेशात नेलं तरी आपलं लायसन्स चालतं. दुसऱ्या देशात नोंदलेलं विमान उडवायचं तर तिथलं लायसन्स हवं, नाहीतर त्या देशाने आपल्या लायसन्सला मान्यता द्यायला हवी. ही मान्यता म्हणजे व्हॅलिडेशन. ती ठरावीक मुदतीची असते आणि आखातात बहुधा कंपनीच करून घेते. माझंही तसंच झालं: आधी निवड, मग हवाई कायद्याचा पेपर, मेडिकल, सिम्युलेटर. स्वतःहून आधी कन्व्हर्जनवर मी एक रुपया घातला नव्हता. पण निवड झाली ती ए320 वरच्या तासांमुळे, हे विसरू नका.

युरोपचं प्रकरण फार मोठं आहे. आपले डीजीसीएचे पेपर तिथे धरत नाहीत. एटीपीएलचे (एअरलाइन पायलटच्या लायसन्सचे) 13 विषय, प्रत्येकात 75 टक्के, 18 महिन्यांत सगळे सुटले पाहिजेत, एका विषयाला फार तर चार प्रयत्न. पहिलं क्लास 1 मेडिकल त्यांच्याच एरोमेडिकल सेंटरमध्ये, शेवटी स्किल टेस्ट. पेपर सुटल्यावर 36 महिन्यांत सीपीएल आणि आयआर (उपकरणांच्या भरवशावर उडवण्याचं रेटिंग) काढलं नाही तर तेही वाया. ब्रिटनचं लायसन्स 2021 पासून निराळं. इतकं करून अर्ज भरायला बसलात की आधी विचारतात, युरोपात राहून काम करायचा हक्क आहे का? दोनशे तासांच्या परदेशी मुलासाठी व्हिसाची खटपट कंपनीने का करावी? तितक्याच तासांची तिथलीच मुलं दारात उभी असतात. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

अमेरिकेत परदेशी लायसन्सच्या आधारावर प्रायव्हेट पायलटचंच सर्टिफिकेट मिळतं. कमर्शियलसाठी लेखी परीक्षा आणि चेकराइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, द्यावीच लागते, आणि एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही साधारण 1500 तास लागतात.

जोडीदाराकडे युरोपचा पासपोर्ट असेल किंवा तुमच्याकडे ऑस्ट्रेलियाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) असेल, तर माझं उत्तर बदलेल. तेव्हा त्याच देशाचं कन्व्हर्जन जरूर करा, पण सगळ्यात आधी तिथलं मेडिकल. डोळ्यांत किंवा ईसीजीत काही निघालं तर पेपरांचे पैसे तरी वाचतील.

तोवर तास वाढवा. इन्स्ट्रक्टर रेटिंग घेऊन बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी शिकवता येतं. पगार थोडा, पण रोज विमानात बसाल. धाडस असेल तर बोत्स्वानातल्या माउनची माहिती काढा. तिथल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कॅम्पांवर पर्यटकांना नेणाऱ्या छोट्या सेस्नांवर कमी तासांचे परदेशी वैमानिक पूर्वीपासून उडत आलेत. पुढे इथे एअरलाइनमध्ये लागलात तर नोकरी सोडतानाच्या नोटिशीचा हिशेब धरा: 2017 च्या नियमाने को-पायलटला सहा महिने, कमांडरला वर्ष.

आणि लॉगबुक आजच उघडा. प्रत्येक पानाची बेरीज, सही, शिक्का बघा. पीआयसी (स्वतः कमांडर म्हणून) आणि पी1 अंडर सुपरव्हिजनचे (कमांडरच्या देखरेखीखाली ती जबाबदारी सांभाळून) तास वेगवेगळे लिहा, बाहेर ते वेगळेच विचारतात. माझ्या वेळी नव्या कंपनीने पहिल्या उड्डाणापासूनची सगळी पानं मागितली. ट्रेनिंगचं लॉगबुक साताऱ्याला कपाटात होतं. बाबांनी रात्री बसून एकेक पान मोबाइलवर टिपून पाठवलं. त्यात एका पानावर सही नव्हती, आणि ते इन्स्ट्रक्टर केव्हाच दुसरीकडे गेलेले. त्यांना शोधून ती सही मिळवण्यात पाच आठवडे गेले.