वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन फुल काम करून, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधून, आलंय. मिस्त्री म्हणतो आधी दोन-तीन तास स्लोवर, म्हणजे एक्सलरेटर न दाबता जागेवरच, चालू ठेवा, मग हजार किलोमीटर ४० च्या स्पीडवर जाऊ नका. हे बरोबर आहे का?

नाही, बरोबर नाही. तुमचा मिस्त्री वाईट आहे असं म्हणत नाही, काम चांगलंच केलं असेल. पण याच सल्ल्यापायी आमच्या घरची टॅक्सी कित्येक महिने निळा धूर सोडत फिरली आणि त्यावरून घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचीही पद्मिनीच, काळी-पिवळी. दिवसा बाबा चालवायचे, रात्री काका. अख्खं घर त्या इंजिनवर चाललं, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी आली तेव्हा बाबा धड जेवलेसुद्धा नाहीत. तर तिचं इंजिन काम निघालं. भायखळ्याचं गॅरेज, बोअर (सिलिंडरचं भोक) मोठं करून त्यात ट्वेंटी ओव्हरसाइज, म्हणजे जरा मोठे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, क्रँकच्या नवीन बेअरिंग शेल, सगळं. पिस्टनवर बसणाऱ्या रिंगांचा बॉक्स ऑपेरा हाउसवरून मी स्वतः आणलेला. मिस्त्रीने इंजिन चढवलं, स्टार्ट केलं, स्लो लावला आणि दुसऱ्या गाडीखाली गेला. संध्याकाळपर्यंत ते तिथेच ढुकढुक करत होतं आणि काका शेजारी स्टूल टाकून समाधानाने बघत बसलेले. मी तेव्हा आयटीआयला मोटर मेकॅनिक करत होतो. म्हटलं काका, बंद करा हे, रस्त्यावर काढूया. तर म्हणाले, "गप रे, लोखंड लोखंडाला सावकाश घासू दे. तुझा जन्म नव्हता तेव्हापासून इंजिनं बसवतोय मी."

आता इथे मुद्दा समजून घ्या. होनिंग, म्हणजे बोअर दगडाने घासून शेवटचा हात देताना, सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघा मारतात, त्या रेघांची टोकं आणि रिंगची कड एकमेकांना घासून जुळली की रिंगा बसल्या. पण रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते ते किरकोळ, खरा जोर येतो तो पेट्रोल जळल्यावरच्या गॅसचा, तो रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर दाबतो. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद, गॅसला जोरच नाही. मग रिंग नीट न घासता नुसती तेलावरून सरकत राहते, ते तेल भिंतीवर भाजतं आणि तव्यावर तेल जळून जो तांबूस चिकट थर बसतो तसा थर त्या रेघांमध्ये भरून जातो. एकदा तो बसला की नंतर कितीही पळवा, रिंगा बसत नाहीत. आणि हे सगळं पहिल्या काही तासांतच ठरतं.

आमचं तेच झालं. दर दोन-चार दिवसांनी ऑइल टाका, सिग्नलला मागच्याच्या शिव्या खा, पीयूसीला तर विचारूच नका. काका म्हणाले व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) गेले, तिथून ऑइल आत जातंय. मी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजून घेतलं, मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत घेतलं, चारही सिलिंडरचं वाढलं. गाइडचा किंवा व्हॉल्व्हचा दोष असता तर वाढलं नसतं, म्हणजे रिंगाच. मग काका म्हणाले रिंगा डुप्लिकेट. उघडलं तर बोअर आरशासारखा चकचकीत. त्याच ब्लॉकला हलकं होनिंग केलं, त्याच दुकानातून त्याच कंपनीच्या रिंगा आणल्या, मिस्त्रीही तोच, फक्त यावेळी पहिलं स्टार्ट माझ्या हातात. धूर बंद. ऑइल खाणं बंद. काका आजही गणपतीत भेटले की म्हणतात पहिला बॉक्स डुप्लिकेट होता. काका, दोन्ही बिलं एकाच दुकानाची आहेत आणि बाबांच्या कपाटात आहेत.

तुमच्या गाडीचं आता. स्टार्ट करायच्या आधी प्लग काढा, कॉइलची वायर काढा, आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मारा, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. मग प्लग आणि वायर परत लावा, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप आणि ठिणगीचं टायमिंग बल्ब लावून आधीच पक्कं करा, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून ठेवा, कारण गाडी पहिल्या झटक्यात लागली पाहिजे. लागत नाही म्हणून सेल्फ घासत बसलात तर कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या उंचवट्यांवर, लावलेलं वंगण पुसून जातं. लागल्यावर स्लोवर सोडू नका, वेगात ठेवा, २००० आरपीएमच्या आसपास, पद्मिनीत मीटर नाही त्यामुळे कानानेच. कॅमवर घासणारे जुन्या पद्धतीचे टॅपेट आहेत, कॅमला तेल क्रँकच्या उडण्यातून मिळतं आणि स्लोवर ते पुरेसं उडत नाही. हे १५-२० मिनिटं, तेवढ्यात लाल दिवा, पाण्याचा काटा, पेट्रोलची गळती बघा, दिवा पेटला तर लगेच बंद. पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा (एअर लॉक) सुटली की रेडिएटरमधलं पाणी खाली जातं, ते थंड झाल्यावर टॉप करा. बंद गाळ्यात हे करू नका, धूर जीव घेतो.

मग लगेच रस्त्यावर. मुंबईत हीच अडचण, दुपारी सायनच्या ट्रॅफिकमध्ये नेलीत तर परत स्लोच. रविवारी पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेसने ठाण्याकडे काढा, टॉप गिअरमध्ये ४० पासून ६५ पर्यंत अर्ध्याहून जास्त एक्सलरेटर दाबून न्या, मग पाय पूर्ण उचला, गिअरमध्येच परत ४० ला येऊ द्या. दाबताना रिंगा भिंतीला बसतात, सोडताना व्हॅक्यूमने तेल वर ओढलं जाऊन घासलेला चुरा धुतला जातो. आठ-दहा वेळा करा. एकाच स्पीडला लांब चालवू नका, तेव्हा ४० ची मर्यादा ही चूकच. फुल थ्रॉटलही नको, टॉपमध्ये अगदी हळू चालवून इंजिन गुदमरवणंही नको.

ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू-५०, सिंथेटिक आत्ता नको. पहिलं ऑइल १०० किलोमीटरच्या आतच फेका, त्यातली चमक बघून घाबरू नका, दुसरं ५०० ला. थंड इंजिनवर टॅपेटचा गॅप परत चेक करा, हेडचे नट परत आवळायचे का ते गॅस्केटवर अवलंबून, मॅन्युअल बघा.

हे सगळं पद्मिनीसारख्या जुन्या पुशरॉड इंजिनांबद्दल आहे, ज्यांत खालचा कॅम लांब दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडतो, हे आधीच सांगायला हवं होतं. आजच्या गाड्यांच्या हायड्रॉलिक किंवा रोलर टॅपेटला २००० वर ठेवायची गरज नाही, स्लोचा मुद्दा मात्र तिथेही लागू. पहिले ५०० किलोमीटर खंडाळ्याचा घाट भरल्या गाडीने चढवू नका. आणि कामात ब्लॉकच बदलला असेल तर इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या.