बद्द वाजणारा दगड : खाणसुरक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिक तालुक्यातील एका दगडखाणीवर आणि तिला जोडलेल्या खडी क्रशरवर मी पर्यवेक्षक आहे. आम्ही सर्वांना हेल्मेट व बूट दिले आहेत, जागोजागी फलक लावले आहेत आणि दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथही घेतो. तरीही गेल्या पावसाळ्यानंतर खाणीच्या कड्यातून एक मोठा धोंडा सुटून पोकलेनच्या अगदी शेजारी पडला. कोणाला इजा झाली नाही. परंतु तेथील भेग दोन कामगारांनी आदल्या दिवशीच पाहिली होती आणि ते काही बोलले नव्हते, असे नंतर कळले. आमचे कोठे चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती शेवटच्या दोन वाक्यांत आहे. धोंडा पडणे ही दगडाची घटना झाली. भेग दिसूनही दोन माणसे गप्प राहिली, ही मात्र आपल्या खाणीच्या व्यवस्थेची घटना आहे आणि सुधारणेची सुरुवात तेथूनच करावी लागेल.

ते दोघे गप्प का राहिले असतील, याचा विचार त्यांच्या जागी उभे राहून करावा. आपल्याकडील बहुतेक खाणींवर मजुरी ब्रासवर किंवा खेपेवर ठरते आणि अनेकांनी हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते. भेग दाखवली की पोकलेन मागे घ्यावे लागते, डंपर उभे राहतात, त्या दिवसाच्या खेपा कमी होतात आणि त्याचा फटका बोलणाऱ्याबरोबर त्याच्या सोबत्यांनाही बसतो. शिवाय मुकादमाची नाराजी ओढवते ती वेगळीच. सिंहस्थाच्या रस्त्यांसाठी खडीची मागणी वाढलेली असताना तर काम थांबवणारा माणूस कोणालाच नको असतो. अशा स्थितीत माणसे गप्प राहतात ती बेफिकिरीमुळे नव्हे, तर हिशेबामुळे. म्हणून हिशेबच बदलला पाहिजे. धोक्यामुळे काम थांबले तर त्या वेळेची मजुरी सरासरी खेपांप्रमाणे मिळेल, हे मालकाने लेखी मान्य करावे आणि पगाराच्या दिवशी सर्वांसमक्ष पाळून दाखवावे. माझ्या मते हेल्मेटइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा खर्च सुरक्षेचा आहे.

‘सुरक्षा संस्कृती’ हा शब्द १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टी दुर्घटनेच्या चौकशीनंतर जगभर रूढ झाला. त्याचा अर्थ दगडखाणीच्या भाषेत सांगायचा तर इतकाच, की सर्वांत खालच्या माणसाला दिसलेली वाईट बातमी सर्वांत वरच्या माणसापर्यंत त्याच दिवशी आणि सांगणाऱ्याला शिक्षा न होता पोहोचावी.

मी एका खाणीवर व्यवस्थापक असताना एका ड्रिलरने मला कड्याचा एक भाग फुगल्यासारखा वाटतो असे सांगितले. मी पाहणी केली, मला काही आढळले नाही, आणि मी काम सुरू ठेवले. तो भाग पडला नाही. परंतु त्यानंतर त्या ड्रिलरने मला कधीही काही सांगितले नाही. मी त्याला रागावलो नव्हतो, पण पाहणीत काय दिसले आणि काम का चालू ठेवले, हे मी त्याला परत जाऊन सांगितलेही नव्हते. आज मला ती माझी मोठी चूक वाटते. सूचना खरी ठरो वा न ठरो, सांगणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे. आपल्याकडे ते दोन कामगार अजून असतील, तर त्यांना जाब विचारू नका. त्यांना कड्यापाशी नेऊन भेग कशी दिसली होती हे इतरांना समजावून सांगण्याची विनंती करा.

आता दगडाविषयी. नाशिकचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, कठीण आहे, या विश्वासावर आपण फार विसंबतो. लाव्हाच्या एकावर एक थरांनी तो बनला आहे. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातकट दगडाचा पट्टा असतो, तो पाण्याने मऊ होतो आणि त्याच्यावरचा भरीव दगड आधाराविना राहतो. उभ्या सांध्यांमध्ये पावसाचे पाणी आणि माती शिरते. पाऊस थांबून उन्हे पडू लागली, काम जोरात सुरू झाले, की नेमके तेव्हाच असे धोंडे सुटतात. म्हणून पावसाळ्यानंतरचे पहिले काही आठवडे, तसेच प्रत्येक सुरुंगानंतर, कड्याची तपासणी मुकादमाने स्वतः करावी. जुनी माणसे सुरक्षित जागी उभे राहून पहारीने दगड ठोकतात. भरीव दगड खणखणीत वाजतो आणि सुटलेला दगड बद्द वाजतो. हे ज्ञान आपल्या खाणीवर कोणाकडे आहे ते शोधावे आणि नव्या माणसाला त्याच्या हाताखाली द्यावे. सैल दगड वरून खाली पाडत यावे आणि तो पडेपर्यंत खाली यंत्र किंवा माणूस नसावा.

मात्र कड्याची रचनाच चुकीची असेल तर पहार पुरी पडत नाही. दगडखाणींनाही लागू असलेल्या १९६१ च्या धातुखाण विनियमांप्रमाणे कठीण दगडातही बाजू टप्प्याटप्प्याने उतरत्या ठेवायच्या असतात आणि परवानगीशिवाय एका बेंचची, म्हणजे टप्प्याची, उंची ६ मीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. काठापासून ३ मीटरच्या आत सुटे दगड, राडारोडा किंवा झाड ठेवायचे नसते, आणि खालून पोखरून वर छज्जा सोडणे तर सर्वथा निषिद्ध आहे. टप्पे न पाडता एकच उंच भिंत उभी असेल, तर कामगारांच्या सावधपणाविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार मालकाला उरत नाही.

आपल्या भागातली एक विशेष गोष्टही येथे सांगितली पाहिजे. दगडातील पोकळ्यांमध्ये ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट यांसारखे सुंदर स्फटिक सापडतात आणि त्यांना चांगला भाव येतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत कोणी ना कोणी छिन्नी घेऊन कड्याला भिडतो. केवळ मनाईचा फलक लावून हे थांबत नाही. कड्यावर चढण्यास पूर्ण बंदी आणि खाली पाडून आणलेल्या दगडातील स्फटिकांच्या किमतीत कामगारांचा ठरलेला वाटा, असा व्यवहार केला तर ती बंदी पाळली जाण्याची शक्यता वाढते.

क्रशरविषयी थोडक्यात सांगतो. खडी वाहणारा पट्टा चालू असताना पुलीखालची खडी काढण्यात हात जातात. दुरुस्तीच्या वेळी विजेच्या पॅनेलला कुलूप लावावे आणि त्याची किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी. हॉपरवर, म्हणजे क्रशरमध्ये दगड ओतण्याच्या तोंडावर, डंपर मागे घेतात तेथे चाक अडेल एवढा भक्कम बांध हवा. आणि आपण ‘अपघातमुक्त दिवस’ मोजणारा फलक लावून त्यावर बक्षीस ठेवले असेल, तर ते बक्षीस बंद करावे, कारण त्याने अपघात कमी होण्याऐवजी लहान जखमा लपवल्या जातात.

प्रश्न : माझी खाण लहान आहे, मजूर वीस-पंचवीस आहेत. खाण कायदा मला लागू होत नाही असे जाणकार सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : बहुधा नाही. १९५२ च्या खाण अधिनियमात बांधकामाचा दगड व खडी यांच्या उघड्या खाणींना सूट होती, पण तिच्यासाठी तीन अटी एकाच वेळी पाळाव्या लागत : खोदाईची खोली कोठेही ६ मीटरपेक्षा अधिक नसावी, कोणत्याही दिवशी कामगार ५० पेक्षा अधिक नसावेत आणि स्फोटके वापरलेली नसावीत. सुरुंग लावत असल्यास मजूर पाच असले तरी ही सूट मिळत नसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली, तेव्हा तिच्यातील तरतूद सल्लागाराकडून तपासून घ्यावी. आणखी एक गैरसमज दूर करतो. स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून जिल्हा प्रशासनाचा परवाना मिळाला म्हणजे सुरक्षेची बाब पूर्ण झाली, असे नव्हे. ती बाब धनबाद येथे मुख्यालय असलेल्या केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते.

प्रश्न : माझे पती अकरा वर्षे खाणीत ड्रिल मशीनवर आहेत. वर्षभरापासून त्यांना खोकला व धाप लागते. येथील काळ्या दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होत नाही, असे मुकादम म्हणतात. काय करावे?

उत्तर : ताई, बेसाल्टमध्ये हा आजार घडवणारे खनिज, म्हणजे मोकळे क्वार्ट्झ, हे वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटच्या तुलनेने खूप कमी असते, एवढेच खरे आहे. त्यातील पोकळ्यांमध्ये क्वार्ट्झ असू शकते आणि अकरा वर्षे कोरड्या ड्रिलिंगची धूळ छातीत गेलेल्या माणसाला मुकादमाने निरोगी ठरवणे योग्य नाही. पतींना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि ते काय काम करतात, किती वर्षे करतात, ड्रिलवर पाणी सोडले जाते की नाही, हे न विचारताच सांगा. धुळीचा आजार आणि क्षयरोग यांच्या खुणा एक्स-रेमध्ये सारख्या दिसू शकतात, त्यामुळे थुंकीची तपासणीही आवश्यक आहे आणि जुने एक्स-रे असतील तर ते सोबत न्यावेत. खाण नियमांनुसार कामावर घेताना व नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करणे ही खाणमालकाची जबाबदारी आहे, तेव्हा त्या तपासणीचे कागद पतींनी लेखी अर्ज करून मागावेत आणि अर्जाची पोच घ्यावी. निदान होईपर्यंत त्यांना ड्रिलवरून हलवून धूळ नसलेल्या कामावर ठेवावे, असे डॉक्टरांकडून लिहून घ्या.