सर्व्हेत रक्त दिलं, कोणी काहीच कळवलं नाही

शहरातल्या अतिजोखमीच्या गटांत एचआयव्हीचं प्रमाण किती आहे, हे पाहणारा सर्व्हे होऊन गेला की एक प्रश्न हमखास येतो. तो घेऊन आमच्या तपासणी केंद्रात आलेल्या या ताई देहविक्रय करतात (ओळखीचे तपशील बदलले आहेत).

"ताई, बोटातून रक्त नेलं. अजून कोणाचा फोन नाही. म्हणजे मी ठीक ना? की नाव वर गेलं?"

नावाची भीती आधी काढली. त्यांचा नमुना निनावी होता. फिल्टर पेपरवर सुकवलेला रक्ताचा ठिपका, त्यावर फक्त कोड. सोबत वय, गट अशी जुजबी माहिती. नाव लिहिलेलंच नाही, तर ते जाणार कुठे? पण त्यामुळेच निकाल त्यांना कळवणंही शक्य नव्हतं. फोन न येण्यावरून काहीच ठरत नाही. काही सर्व्हेंमध्ये मात्र निकाल हातात देतात, म्हणून संमती देण्याआधी हे विचारून घ्यावं.

"मग माझं रक्त घेतलं कशाला?" त्या चिडल्या. मला तो राग रास्त वाटतो. हे रक्त घेतानाच नीट सांगायला हवं.

ते घेतात मोजणीसाठी. तपासणीला आपणहून येणाऱ्यांवरूनच हिशोब केला, तर न येणारे सुटतात आणि निरोध, स्वच्छ सुया, औषधं नेमकी कुठे कमी पडतात ते कळत नाही.

"आमच्यात रोग वाढलाय म्हणतात." असे मथळे वाचून माझंही डोकं फिरतं. प्रमाणात जुने-नवे सगळे बाधित धरतात. औषधांमुळे माणसं दीर्घकाळ जगतात, त्यामुळे नवी लागण घटत असली तरी आकडा चढू शकतो. शिवाय गटाचा आकडा म्हणजे कोणा एकीचा रिपोर्ट नव्हे.

तो हवा असेल तर स्वतःची वेगळी तपासणी. ती त्यांनी त्याच दिवशी केली. निगेटिव्ह. मात्र दोन आठवड्यांपूर्वी निरोध फाटला होता. रॅपिड तपासणीत लागण दिसायला 3 महिन्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून पुन्हा यायला सांगितलं. फाटल्यावर 72 तासांच्या आत आल्या असत्या, तर लागण रोखणारी 28 दिवसांची औषधं सुरू करता आली असती. हे त्यांना माहीतच नव्हतं. रोजच्या प्रतिबंधक गोळीबद्दल, म्हणजे प्रेपबद्दल, मग बराच वेळ बोललो.

"सर्व्हेवाले परत आले तर देऊ?"

"मर्जी तुमची. नाही म्हणालात तरी इथली तपासणी आणि औषधं बंद होणार नाहीत."